वाद्यांची होळी आणि मनाचा संयम

जुलै 2023 मध्ये अफगाणिस्तानातल्या हेरात प्रांतात तालिबानच्या अधिकाऱ्यांनी वाद्यांची जाहीर होळी केली. गिटार, हार्मोनियम, तबला, ध्वनिक्षेपक असे लग्नाच्या हॉलमधून जप्त केलेले सामान आगीत गेले. संगीताने नीती बिघडते आणि तरुण बहकतात, असे त्यामागचे कारण सांगण्यात आले. याच हेरात प्रांतात चिश्त नावाचे गाव आहे. चिश्ती सूफी परंपरेला नाव मिळाले ते या गावावरून, आणि ‘समा’ म्हणजे भक्तिसंगीताचे श्रवण ही त्या परंपरेची साधना. आपल्या खुलताबादेत चिरविश्रांती घेणारे बुऱ्हाणुद्दीन गरीब हे याच परंपरेतले. म्हणजे एकाच धर्मातल्या श्रद्धावंतांपैकी काहींना संगीतात ईश्वर भेटतो आणि काहींना त्यात पाप दिसते. त्यामुळे संगीतावर बंदी घालणारा केवळ धर्माचे पालन करत नसतो. धर्मातल्या अनेक मतांपैकी एक निवडून बाकीच्यांचा निवडीचा अधिकार तो काढून घेत असतो.

हा प्रश्न इस्लामी विचारवंतांना नवा नाही. खोरासानातल्या तूस येथे अकराव्या शतकात जन्मलेल्या इमाम गझालीने आपल्या ‘इह्या उलूम अल-दीन’ या ग्रंथात समाची स्वतंत्र आणि सविस्तर चर्चा केली आहे. मद्यपींच्या मैफलींशी जोडली गेलेली काही वाद्ये त्यानेही निषिद्धच मानली. आधुनिक अर्थाने तो उदारमतवादी नव्हता, आणि त्याला तसे रंगवण्याची गरजही नाही. महत्त्वाचे आहे ते त्याचे तर्कशास्त्र. संगीत मनात काही नवे आणून टाकत नाही, मनात जे आधीच आहे ते जागे करते, असे तो मानतो. म्हणून तेच सूर एकाला ईश्वराकडे नेतात आणि दुसऱ्याला वासनेकडे. हे पटत असेल तर पुढचा प्रश्न टळत नाही. माझ्या मनात काय आहे हे कोण ओळखणार, मी की हातात काठी घेतलेला शिपाई?

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो झटकून टाकणे बरोबर नाही. वाद्यसंगीत वर्ज्य मानणारे धर्मशास्त्री कमी नाहीत. मग धर्माज्ञा पाळणाऱ्या समाजाने ती कायद्यात का आणू नये? धर्माज्ञा आहे असे क्षणभर धरून चालू. तरीही तिचे मोल पाळणाऱ्याच्या निर्णयात असते. ज्याला अन्नच मिळाले नाही त्याची एकादशी घडली असे आपण म्हणत नाही. वाद्ये जाळल्यावर त्या प्रांतातल्या एकाही माणसाने संगीताचा त्याग केला असे म्हणता येणार नाही, कारण त्यागण्यासारखे त्याच्या हाती काही उरलेच नाही. जो मुसलमान श्रद्धेपोटी स्वतःहून गाणे ऐकत नाही, त्याच्या निग्रहाचा मला मनापासून आदर वाटतो. बंदी सर्वांत आधी त्याच्यावरच अन्याय करते, कारण त्याचा निग्रह आणि शेजाऱ्याची भीती यांत फरक करायला ती जागाच ठेवत नाही.

दुर्बळ मनाच्या माणसांचे काय, असेही विचारले जाते. मुलांसाठी वयाचे निर्बंध असावेत, आईबापांनी लक्ष द्यावे. त्याला कोणाचा विरोध नाही. पण प्रौढांना मुलांसारखे वागवून ते अधिक नीतिमान झाल्याचा दाखला इतिहासात शोधूनही सापडणे कठीण. इंग्लंडमध्ये प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती गटाचा वरचष्मा असलेल्या पार्लमेंटने 1642 मध्ये नाटके बंद केली. ती थांबेनात म्हणून 1647-48 मध्ये आणखी कडक हुकूम काढले, प्रेक्षकांनाही दंड लावला. 1660 मध्ये राजेशाही परतताच रंगभूमी पुन्हा उघडली आणि पूर्वीपेक्षा जास्त धीट झाली. अठरा वर्षांच्या सक्तीने लोकांची रुची पालटली नाही.

मनोरंजनाच्या धंद्यात शोषण असते, हे मात्र खरे. शोषणाविरुद्ध कायदा हवाच, पण त्याने शोषण करणाऱ्याला धरावे. महाराष्ट्राने 2005 मध्ये डान्स बार बंद केले, तेव्हा कारण स्त्रियांच्या प्रतिष्ठेचे दिले गेले. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट मिळाली. गरिबाने पाहिलेला नाच अनीतीचा आणि श्रीमंताने पाहिलेला चालण्याजोगा, ही कुठली नीती? 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. ही बंदी धर्माच्या नावाने नव्हती, तरी तिचा स्वभाव तोच होता: दुसऱ्याच्या नीतीचा ठेका आपल्याकडे घेण्याचा. म्हणून हेरातकडे बोट दाखवताना आपण निश्चिंत राहू नये.

बंदीची किंमत मात्र अफगाणिस्तानातच ठळक दिसते. काबूलमध्ये 2010 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय संगीत संस्थेत मुले आणि मुली एकत्र शिकत. तिथल्या मुलींचा ‘जोहरा’ हा वाद्यवृंद परदेशातही वाजवून आला होता. 2021 मध्ये तालिबान सत्तेवर परतल्यावर विद्यार्थी आणि शिक्षकांना देश सोडावा लागला, आणि आज ती संस्था पोर्तुगालमध्ये चालते. डिसेंबर 2024 मध्ये रबाब हे तंतुवाद्य घडवण्याची आणि वाजवण्याची कला युनेस्कोच्या वारसा यादीत नोंदली गेली. त्या नोंदीतल्या चार देशांत अफगाणिस्तानचेही नाव आहे.