बाण खोटा, वैर खरं



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ११ वा, श्लोक ५५ वा.

विश्वरूपदर्शनाच्या अध्यायातला हा शेवटचा श्लोक. भगवंतांपर्यंत कोण पोचतो, त्याच्या खुणा यात सांगितल्या आहेत. त्यातली शेवटची खूण आज घेऊया: कुठल्याही जीवाशी वैर नसणं. निर्वैर.

हे कोणाला सांगितलंय ते आधी बघा. हिमालयात बसलेल्या ऋषीला नाही. समोर अकरा अक्षौहिणी सैन्य उभं असलेल्या गांडीवधारी अर्जुनाला. याच अध्यायात, वीसएक श्लोक आधी, ऊठ आणि लढ असंही सांगून झालंय. म्हणजे बाण सोडायचे आहेत, ते लागणार आहेत, माणसं पडणार आहेत. आणि मनात वैर मात्र नको. दर पारायणाला मी इथे थांबतो. यावेळी हाच प्रश्न उलट्या बाजूने समोर आला, तो तुमच्यापुढे ठेवतो.

गेला महिनाभर मी धनुष्यबाण शिकतोय. हसू नका. खरं धनुष्य नाही, व्हीआर हेडसेटमधलं. ऑफिसच्या रिक्रिएशन रूममध्ये एक हेडसेट आहे आणि त्यावर व्हॉल्व्ह कंपनीचा 'द लॅब' टाकलेला आहे, २०१६ सालचा, फुकट मिळणारा. त्यात 'लाँगबो' नावाचा छोटा खेळ आहे. तुम्ही किल्ल्याच्या तटावर उभे. खालून रेघोट्यांनी काढल्यासारखी माणसं दरवाजाकडे चाल करून येतात. त्यांना बाणाने पाडायचं.

एका हातातला कंट्रोलर म्हणजे धनुष्य, दुसऱ्या हातात बाण. बाण दोरीला लावायचा, ट्रिगर दाबून हात मागे ओढायचा. कंट्रोलर थरथरतो, तोच दोरीचा ताण समजायचा. ट्रिगर सोडला की बाण सुटला. सुरुवातीला बहुतेकांचे बाण भलतीकडेच जातात, कारण आपण धनुष्याच्या हाताकडे बघत बसतो. नेम असतो तो दोन्ही हातांना जोडणाऱ्या रेषेत. आणि सोडताना हाताला जरा झटका बसला की बाण तिरका गेलाच. ओढायला चार दिवसांत जमतं, सोडायला वेळ लागतो. सहाव्या अध्यायात चंचल मनासाठी अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगितलेत ना, ते मला आता असे दिसतात: ओढणं हा अभ्यास, सोडणं हे वैराग्य. एकट्या ओढण्याने बाण जात नाही.

माझ्या वडिलांनी भोसरी एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर काढली. त्यांना हे सगळं सांगितलं तर पहिला प्रश्न, "त्या धनुष्याला वजन किती?" काहीच नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग हाताला काय कळणार रे?"

बरोबर आहे त्यांचं. हाताला फार कळत नाही. पण मनाला कळतं का, हा खरा प्रश्न.

तो प्रश्न आला एका मित्रामुळे. आमच्या टीममधला, माझ्याच वयाचा. वर्षभर रात्रीचे कॉल त्याने घेतले, बढती दुसऱ्याला मिळाली. मोशीला फ्लॅट घेतलाय, हप्ता चालू आहे, त्यामुळे राजीनामा तोंडावर फेकण्याची सोय नाही. तो या खेळात आमच्या सगळ्यांत तरबेज. कसं काय जमतं विचारलं तर म्हणाला, "सोपं आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मॅनेजरचा चेहरा लावायचा आणि सोडायचा. घरी जाताना डोकं शांत असतं." सगळे हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काय महाराज, पाप लागतं का हो याला? कोणाला खरचटलं पण नाही."

विनोदाने विचारलं होतं, पण प्रश्न विनोदी नाही. बाण नाही, जखम नाही, ज्याच्यावर सोडला त्याला पत्ता नाही. मग बिघडलं काय?

त्याच्या बाजूचं आधी बोलूया. त्याचा राग खोटा नाही. राग येणं हे पापही नाही. पाचव्या अध्यायात काम-क्रोधाचा वेग सोसणाऱ्याला योगी म्हटलंय, म्हणजे वेग येणार हे धरूनच चाललेत. आणि मॅनेजरवर ओरडण्यापेक्षा रेघोटीच्या माणसावर बाण सोडलेला केव्हाही बरा. वाफ निघून जाते, असं तो म्हणतो.

पण घरातला कुकर आठवा. शिट्टी होते, वाफ जाते, आणि खालचा गॅस चालूच असेल तर पुन्हा शिट्टी होते. रोज संध्याकाळी शिट्टी करायला जावं लागत असेल तर वाफ संपत नाहीये, गॅस चालू आहे. आणि प्रत्येक बाणाला तोच चेहरा लावणं म्हणजे गॅस आपणच मोठा करणं.

अभ्यासाचा एक गुण आहे, तोच त्याचा धोका. तो विचारत नाही. काय घोटताय, चांगलं की वाईट, खऱ्यावर की खोट्यावर, काही विचारत नाही. जे घोटाल ते पक्कं करतो. आदिपर्वात गोष्ट आहे. अर्जुन जेवत असताना वाऱ्याने दिवा विझला. अंधारातही हात बरोबर तोंडाशी जात राहिला. त्यावरून त्याला कळलं की सवयीला डोळे लागत नाहीत, आणि तो अंधारात नेमबाजी शिकू लागला. त्याच पर्वातला एकलव्य. त्याच्यासमोरचा गुरू मातीचा होता. आजच्या भाषेत व्हर्च्युअलच म्हणा. विद्या मात्र खरी उतरली, इतकी खरी की तिच्यासाठी त्याचा खरा अंगठा मागितला गेला.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात तर हे वेगळं सांगायला नको. पायलट सिम्युलेटरवर शिकतात. वेल्डिंग, स्प्रे पेंटिंग शिकवणारे सिम्युलेटर निघालेत. ठिणगी खोटी, रंग खोटा, पण शिकलेला हात उद्या खऱ्या पत्र्यावर चालतो. खोट्या जागी घोटलेलं कौशल्य खऱ्या जागी येतं हे आपण मानतो, त्यासाठी पैसे मोजतो. मग खोट्या जागी घोटलेलं वैर तेवढं हेडसेटमध्येच राहील, हे कसं मानायचं?

राहत नाही. सकाळच्या स्टँड-अप मीटिंगला तो त्याच माणसासमोर उभा राहतो, तेव्हा त्या चेहऱ्यावर आदल्या संध्याकाळचे शे-दोनशे बाण लागलेले असतात. समोरचा फक्त "काल काय झालं?" विचारतो आणि उत्तर येतं ते तुटक, धार लावलेलं. समोरच्याला कळत नाही हे कुठून आलं. मित्रालाही कळत नसावं.

तिसऱ्या अध्यायात भगवंत असाच एक माणूस दाखवतात. हातपाय आवरून बसलाय, मनाने मात्र विषय चघळतोय. त्याला ते संयमी म्हणत नाहीत, दांभिक म्हणतात. म्हणजे गीतेच्या हिशेबात कर्माचं खातं हातापाशी उघडत नाही, मनापाशी उघडतं.

आता अर्जुनाकडे परत बघा. त्याचे बाण खरे होते, पण त्याच्याकडून मागितलं होतं ते निर्वैर मन. आपले बाण खोटे, आणि आपण घोटतोय ते वैर. कुरुक्षेत्रावर जे नको म्हणून सांगितलं, नेमकं तेवढंच आपण रिक्रिएशन रूममध्ये आणलं. बाण, वजन, धोका, धर्म सगळं मागे ठेवलं आणि वैर तेवढं घेतलं.

मग खेळूच नये का? मी तर खेळतो, आणि खेळणार. धनुर्विद्येतच एक सुंदर व्यवस्था आहे. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या १७ व्या वर्षी कंपाउंड प्रकारात विश्वविजेती झाली, आणि पुरुषांमध्ये नागपूरचा ओजस देवतळे. ओजसने अंतिम सामन्यात १५ बाणांत १५० पैकी १५० गुण घेतले. लक्ष्य ५० मीटरवर, आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं ८ सेंटीमीटरचं. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. तिरंदाजीत प्रतिस्पर्धी समोर नसतो, शेजारी उभा असतो. त्याला हरवायचं असतं, पण बाण त्याच्या दिशेने कधीच जात नाही. दोघांचे बाण एकाच दिशेने जातात.

मित्राला मी एवढंच म्हणालो, की चेहरा काढून बघ. रेघोटीचा माणूस रेघोटीचाच राहू दे. नेम तोच, हात तोच, गुण कदाचित कमी पडतील. बढतीचं जे झालं ते अन्याय वाटत असेल तर एचआरकडे लेखी दे, तिथे मी तुझ्याबरोबर येतो. तो खरा बाण आहे, आणि तो वैर न धरता सोडता येतो. तो बरं म्हणाला. पुढे काय करेल ते त्याचं त्याला.

चाकणहून पुण्याकडे येताना आळंदी फाटा लागतो. ज्या माउलींची समाधी तिथे आहे, त्यांनी शके १२१२ मध्ये, नेवाशाला, ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदान मागितलं. त्यांना आणि त्यांच्या भावंडांना समाजाने काय वागवलं ते आपल्याला माहीत आहे. चेहरे लावायला माणसं कमी नव्हती. पण त्या मागण्यात कोणाचाही नाश मागितलेला नाही. दुष्टाने नाहीसं व्हावं असं नाही, त्याच्यातलं वाकडेपण जावं असं मागणं आहे. हे नेमबाजाचं काम आहे, मंडळी. माणूस आणि त्याचं वाकडेपण एकमेकांना इतके चिकटलेले असतात, की माणसाला धक्का न लावता नेमकं तेवढंच टिपायचं म्हणजे ८ सेंटीमीटरचं वर्तुळ सोपं म्हणावं लागेल.

आजचा अभ्यास: दिवसात कधीतरी मनातल्या मनात कोणाशी तरी भांडण चालू होईल. बसमध्ये, आंघोळीला, सिग्नलला. आपण बोलतोय, तो निरुत्तर होतोय, छान वाटतंय. तेव्हा एकदा बघायचं, आपण आत्ता काय घोटतोय. आणि हात सैल सोडायचा.

उद्यापासून अध्याय १२ वा, भक्तियोग.

रामकृष्ण हरी.