परडीत पडलेलं धान्य

जोगवा एका घरचा कधीच नसतो. मंगळवारी, शुक्रवारी दारात ‘उदं गं आई उदं’ अशी हाक येते, परडी पुढे होते आणि घरात जे हाताला लागेल ते तिच्यात पडतं. आमच्या निपाणीच्या गल्लीत एका दारातून जोंधळे, पुढच्या दारातून मूठभर तांदूळ, त्याच्या पुढे पीठ, आणि सगळ्यावर भंडाऱ्याची पिवळी धूळ. सांजेला परडीत जे साठलेलं असतं ते निवडून वेगळं करायचं म्हटलं तरी होत नाही. राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (२००९) दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, सिनेमाला हे नाव नुसतं विषयावरून पडलेलं नाही. त्याची जुळवाजुळवही तशीच आहे.

पुस्तकावरून सिनेमा म्हटलं की आपण हिशेबाला बसतो. काय गाळलं, काय पदरचं घातलं, लेखकाला न्याय मिळाला का. इथं तो हिशेब लागत नाही, कारण मूळ पुस्तक एक नाही. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ (१९८५) आणि ‘भंडारभोग’ (१९८८) या दोन कादंबऱ्या, आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा. पटकथा, संवाद आणि गाणी संजय कृष्णाजी पाटील यांची. गवस गडहिंग्लज तालुक्यातल्या अत्याळचे. चारुता सागर म्हणजे दिनकर दत्तात्रय भोसले, कवठेमहांकाळकडच्या मळणगावचे. दोघांचीही गावं आज महाराष्ट्रात, आणि ज्या यल्लम्मापायी या गोष्टींतली माणसं देवाला सोडली गेली तिचा डोंगर बेळगाव जिल्ह्यात, सौंदत्तीला. मार्गशीर्षात रांडाव पुनवेला कोल्हापूरकडच्या एसट्या भरभरून निपाणी-संकेश्वरावरून तिकडे जातात. जमदग्नी मारला गेला, रेणुका म्हणजेच यल्लम्मा रांडावली, म्हणून त्या दिवशी देवाला सोडलेल्या जोगतिणी बांगड्या फोडतात. पुढे अहेव पुनवेला पुन्हा भरतात. ही वाट १९५६च्या आधीपासूनची. राज्यांच्या हद्दी आखल्या गेल्या म्हणून यात्रेकरूंनी कधी ती बदलली नाही.

‘चौंडकं’ हे वाद्य ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. आतून पोकळ नळा, एका तोंडाला कातडं, कातड्यातून ओवलेली तार दुसऱ्या टोकाला आणलेली. नळा काखेत दाबायचा, तार एका हातानं ताणायची आणि दुसऱ्या हातानं छेडायची. ताण वाढवला की सूर चढतो, सैल सोडला की तो अक्षरशः कण्हतो. तालवाद्य म्हणावं तर त्यातून गळ्यासारखा आवाज निघतो. गवसांनी कादंबरीला हे नाव दिलं यात सगळं आलं. देवाला सोडलेल्या बाईचा जीव असाच दुसऱ्याच्या काखेत दाबलेला असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘चौंडकं’ जोगतिणीची कादंबरी आहे आणि ‘भंडारभोग’ जोगत्याची, म्हणजे देवाला सोडलेल्या पुरुषाची. दोन्ही एकाच लेखकाच्या, एकाच मातीतल्या, तरी दोन वेगळ्या जिल्दींत बांधलेल्या. पटकथाकारानं काय केलं, तर ही दोन दु:खं एका वाटेला लावली. सुलीच्या केसात जट येते, ती देवीची होते. तायाप्पाच्या लघवीतून रक्त जातं. दवाखान्याचा विषय, पण गाव त्यात देवीचं बोलावणं बघतं आणि धडधाकट पोराला लुगडं नेसवतं. डोक्यावर देवीचा जग घेऊन दोघं एकाच मेळ्यात हिंडतात.

इथं एक बारकावा आहे, आणि मला तो या रूपांतराचा सगळ्यात शहाणा भाग वाटतो. लुगडं नेसवल्यावर लोकांच्या लेखी तायाप्पा पुरुष उरत नाही. म्हणून त्याला बायांच्यात उठू-बसू देतात, सुलीजवळ झोपू देतात. कुणाच्या मनात पाल चुकचुकत नाही. म्हणजे ज्या रूढीनं त्याचं पुरुषपण काढून घेतलं, तिनंच त्याच्या प्रेमाला आडोसा दिला. बाहेरून कुणी सुधारक आणावा लागत नाही, कुणाचं भाषण लागत नाही. फट रूढीच्याच भिंतीत असते. ती दिसायला जोगतीण आणि जोगत्या एकाच चौकटीत उभे राहावे लागतात. दोन धान्यं एका परडीत पडली म्हणून हे झालं.

हे मिसळणं फुकटात झालेलं नाही. गवसांच्या गद्यात जी गडहिंग्लजकडची बोली आहे, कानडी हेल लागलेली, शिवीसकट वाहणारी, ती पडद्यावर बरीच निवळली आहे. कादंबरीत माणसाच्या मनात जे रटरटत राहतं त्याला सिनेमात जागा कमीच. त्या जागी गाणं येतं, आणि अजय-अतुल यांचं गाणं आलं की वेदनेलाही गोडी येते. मी या गोडीवर रागावणाऱ्यांतला नाही, पण ती गोडी आहे हे विसरूही नये.

उरलेलं नटांनी भरून काढलं. उपेंद्र लिमये भरदार आवाजाचा, रुंद हाडापेराचा गडी. नाजूक चणीचा नट घेतला असता तर लुगडं त्याला शोभलं असतं आणि सगळा खेळ तिथंच संपला असता. लिमयेंच्या अंगावर ते शोभत नाही. खांद्यावरचा पदर दर वेळी परका वाटतो. मुक्ता बर्वेची सुली फार कमी बोलते आणि डोळ्यांनी माग काढते. विनय आपटे, किशोर कदम यांच्यासारखी कसलेली मंडळी भोवती आहेत.

जाता जाता एक योगायोग. ‘जोगवा’नंतर तीनेक महिन्यांतच, १ जानेवारी २०१०ला, ‘नटरंग’ आला. त्याची मूळ कादंबरी आनंद यादवांची, कागलच्या माणसाची. कागल ते निपाणी हायवेनं वीसेक किलोमीटर. तिथंही पिळदार पुरुषाला बाईपण घ्यावं लागतं, फरक इतकाच की तिथला नायक गुणा ते कलेपायी स्वत: पत्करतो. संगीत पुन्हा अजय-अतुल यांचंच. आणि गुणा झालेले अतुल कुलकर्णी जन्मानं बेळगावचे. एकाच रस्त्याकाठच्या लेखकांना हा प्रश्न पडावा याचं मला नवल वाटत नाही. जत्रेत लुगडं नेसलेले पुरुष पाहत ही पोरं मोठी झाली.

पुरस्कारांचं सांगायचं तर राष्ट्रीय पुरस्कारांत ‘जोगवा’ला पाच मिळाले: सामाजिक विषयावरचा चित्रपट, अभिनेता लिमये, संगीत, आणि ‘जीव रंगला’साठी हरिहरन व श्रेया घोषाल. राजीव पाटलांनी पुढेही पुस्तकांचाच हात धरला. विश्वास पाटलांच्या कादंबरीवर ‘पांगिरा’, मग अशोक व्हटकरांच्या पुस्तकावर ‘७२ मैल’, तो सातारा ते कोल्हापूर पायी चालणारा. त्याच २०१३ साली ते गेले.

देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्याचा कायदा १९३४चा, कर्नाटकाचा १९८२चा, महाराष्ट्राचा २००५चा. सिनेमा त्यांच्या मागून आला आणि लोकांच्या तोंडी त्यातलं गाणं राहिलं. मागच्या उन्हाळ्यात चिकोडी रोडवरच्या एका कार्यालयात लग्नाला गेलो होतो. वरमाला पडताच स्पीकरवर ‘जीव रंगला’ लागलं. नवरी हसली, फोटोग्राफर पुढे सरकला. मांडवाच्या तोंडाशी एक म्हातारी जोगतीण परडी घेऊन उभी होती, जेवणाची पंगत उठायची वाट बघत. कुणीतरी तिला दोन लाडू आणून दिले. तिनं ते परडीत आधी पडलेल्या तांदळावर ठेवले, भंडाऱ्याचं बोट देणाऱ्याच्या कपाळाला लावलं आणि गाणं संपायच्या आत पुढच्या दाराला गेली.