डोकी आणि डोंगर

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना दोन अंगं आहेत. पूर्वेला नारायणगाव, आळेफाटा, मंचर म्हणजे पुणे-नाशिक महामार्ग, ऊस, टोमॅटो आणि खासगी दवाखान्यांच्या पाट्या. पश्चिमेला हातवीज, इंगळून, आहुपे म्हणजे भातखाचरं, हिरडा आणि विखुरलेल्या आदिवासी वस्त्या. तालुक्याची सरासरी काढली की पूर्वेच्या सुबत्तेखाली पश्चिमेचं दुखणं झाकलं जातं.

सपाटीवर ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात हेच आकडे २०,००० आणि ३,००० होतात. माणसं सारखी असली तरी दवाखान्याची वाट सारखी नसते, हे निकष ठरवणाऱ्यांनी मान्य केलं आहे.

पण केंद्र उभं राहिलं की सगळी नजर ओपीडीच्या रजिस्टरवर जाते. ‘पेशंटच नाहीत, तर डॉक्टर कशाला?’ हा प्रश्न मोठा व्यवहारी वाटतो. आवणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, भर पावसात डोंगर उतरणं जिला जमत नाही, ती बाई त्या रजिस्टरात येतच नाही. ती आली नाही म्हणजे तिला काही झालं नाही, असं आपण खुशाल धरून चालतो. डॉक्टर नाही म्हणून लोक येत नाहीत आणि लोक येत नाहीत म्हणून पद भरायची कुणाला घाई नसते.

त्यात भात निघाला की वरची कितीतरी कुटुंबं मजुरीसाठी बागायती पट्ट्यात उतरतात. २०११ च्या जनगणनेत डोकं मोजलं एका गावात, ताप येतो दुसऱ्याच गावात.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं की जिथं गरज जास्त, तिथंच चांगली वैद्यकीय सेवा कमी असते, आणि सेवा बाजारावर सोडली की ही तफावत वाढते. मंचरला डॉक्टर आपणहून येईल, आहुप्याला तो पाठवावा लागेल. म्हणून उत्पन्नाचे आकडे सरकारने बाजाराच्या उलट वाचायला हवेत: जिथं उत्पन्न कमी, तिथं डॉक्टर आधी.

‘किती आले’ याच्या शेजारी ‘कोण आलं नाही’ असाही रकाना आढाव्यात असावा. आशाताईंना आणि आरोग्यसेविकांना ती घरं ठाऊक असतात. मात्र तो रकाना भरला की जास्त माणसं नेमावी लागतील. ती तयारी नसेल, तर नुसत्या आकडेमोडीला नियोजन म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.