दोनशे माणसांचे राज्य

बुद्धिबळाच्या पटावर एका चिंतेतून आपली आयतीच सुटका होते. सैन्य कसले असावे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे, आठ प्यादी. तुम्हाला तेवढी आणि समोरच्यालाही तेवढीच. असेल त्या फौजेनिशी लढावे, एवढेच आपले काम.

संगणकावरच्या लढायांत ही सोय नाही. 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा खेळ १९९९ साली निघाला, २०१९ साली नव्या रूपात आला, आणि आमच्या नेरूळच्या घरात दिवाळीच्या सुट्टीचा ताबा आता त्याच्याकडे असतो. दोघे भाचे तासन् तास वाद घालतात. धाकट्याला सगळे घोडेस्वारच हवेत. थोरला म्हणतो, "आणि समोरून भालाईत आले म्हणजे?" मग तिरंदाज घ्यावेत. पण तिरंदाजांवर घोडेस्वार चालून आले म्हणजे? प्रत्येक शस्त्राला उतारा आहे, आणि वाद काही मिटत नाही.

मला या वादाचे नवल वाटत नाही. मराठ्यांच्या छावणीतही तो एकदा झालेला आहे. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा आणि कवायती पायदळाचा प्रभाव दिसला, आणि सदाशिवरावभाऊंची भिस्त त्यांवर बसली. मल्हारराव होळकरांची हयात गनिमी काव्यात गेलेली. अवजड तोफा आणि बायकामुले मागे सुरक्षित जागी ठेवावीत, हलक्या घोडदळाने शत्रूला जेरीस आणावे, असा त्यांचा व सूरजमल जाटाचा सल्ला होता, असे सांगतात. तो मानला गेला नाही. पानिपतावर रसद तुटली, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी सैन्य रणात उतरले. छावणीतल्या उपाशी पोटांत यात्रेकरूंची, बायकामुलांची, नोकरचाकरांची पोटेही होती, आणि ती थोडीथोडकी नव्हती.

म्हणून तोफ की घोडा, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. जे लढत नाहीत त्यांचे काय करावयाचे, हा त्याच्या आधीचा प्रश्न. खेळ तो प्रामाणिकपणे विचारतो. नेहमीच्या डावात राज्यात माणसे दोनशेच. आणि त्या दोनशेंत शेतकरी आणि लाकूडतोडेही मोजायचे. शेतकरी कमी केले, तर नवा शिपाई उभा करायला धान्य कोठून आणणार?

उत्तर मात्र तितके प्रामाणिक नाही. डाव अखेरीस आला, की सराईत खेळाडू एक कळ दाबून आपलेच शेतकरी नाहीसे करतो. तेवढ्या जागा शिपायांना मिळतात. थोरल्याने असे दहा शेतकरी पुसले, तेव्हा मी विचारले, "अरे, ते तुझेच होते ना?"

"मामा, आता त्यांचा उपयोग नाही."

खेळापुरते त्याचे म्हणणे बिनचूक होते. पण खऱ्या जगातले राज्यकर्तेही हे वाक्य याच सहजतेने बोलतात, आणि तेथे नाहीशी होणारी माणसे पुढच्या डावात परत येत नाहीत. मल्हाररावांनी माणसे मागे ठेवा म्हटले होते. वजा करा म्हटले नव्हते. मागे ठेवलेल्या माणसांसाठी परत यावे लागते. या दोन सल्ल्यांत हाच सगळा फरक आहे.

हीच मुले इमारतीच्या आवारात दिवाळीचा किल्ला करतात, तेव्हा पायथ्याशी आळीव पेरतात, तेथे शेतकरी आणि गवळण मांडतात. मातीच्या त्या राज्यात त्यांना कोणी निरुपयोगी ठरवीत नाही. सैन्य उभारताना पहिला हिशेब या पायथ्याच्या माणसांचा व्हावा. भाला घ्यावा की बाण, यावर मग मुलांनी खुशाल भांडावे.