दिवे बदलले, आपण बदललो का?



१४ डिसेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. तो दरवर्षी आगमनकाळातच येतो. एकीकडे आपण जगाच्या प्रकाशाची वाट पाहत असतो आणि दुसरीकडे सरकार सांगत असते, 'दिवे जपून वापरा'. त्यानिमित्ताने आपण थोडा विचार करू या.

आपल्या देशात ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ साली झाला. २००६ पासून फ्रीज, एसी यांच्यावर ताऱ्यांचे लेबल दिसू लागले. २०१५ साली सुरू झालेल्या 'उजाला' योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. जुना पिवळा बल्ब ६० वॅट खात असे, तेवढाच उजेड आज ९ वॅटमध्ये पडतो. घराच्या छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्याला २०२४ च्या योजनेनुसार सरकार अनुदान देते. २०२५ च्या मध्यास तर देशाच्या एकूण वीज क्षमतेपैकी निम्मी क्षमता सूर्य, वारा, पाणी व अणुशक्ती यांची झाली. हे उद्दिष्ट खरे तर २०३० चे होते.

हे काम चांगले आहे. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले. ज्याच्या हातून भाकरी वाढते, त्यालाही नासाडी खपत नाही.

आता आपल्या चर्चकडे पाहू या. नाताळच्या रोषणाईसाठी आपण एलईडी माळा आणल्या, तेव्हा विजेचे बिल उतरले. सर्वांना आनंद झाला. पुढच्या वर्षी आपणच म्हणालो, 'आता कुठे बिल येते? आणखी चार माळा लावू.' मग फाटक उजळले, झाडे उजळली, दिवे पहाटेपर्यंत जळू लागले. गेल्या नाताळात बिल पुन्हा जुन्या आकड्याजवळ आले. यात एकाचा दोष नाही, आम्ही धर्मगुरूही त्यात आलो.

विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्येच हे लिहून ठेवले होते. वाफेची इंजिने सुधारली, कमी कोळशात जास्त काम करू लागली, पण त्यामुळे इंग्लंडचा कोळसा वाचला नाही. इंजिन चालवणे स्वस्त झाले, इंजिने वाढली आणि कोळसा अधिकच जळाला.

बचत करणे हा यंत्राचा गुण होऊ शकतो, संयम मात्र माणसाचाच गुण आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी संयमाची गणना चार मुख्य सद्गुणांत केली आहे. सद्गुण सवयीने अंगी बाणतो, तो दुकानात विकत मिळत नाही. सरकार आपल्याला चांगला बल्ब देऊ शकते. 'पुरे' हा शब्द मात्र आपला आपणच म्हणावा लागतो.

कोणी म्हणेल, वीज सूर्यापासून येऊ लागली, मग काटकसर कशाला? पण आपली रोषणाई सूर्य मावळल्यावर लागते. त्या वेळी देशाचा मोठा भार अजून कोळशावरच असतो. चंद्रपूरसारख्या ठिकाणी तो कोळसा जळतो. उजेड आपल्या अंगणात पडतो आणि धूर-राख दुसऱ्याच्या. म्हणून हा प्रश्न संयमाबरोबर न्यायाचाही आहे.

आणि न्यायाचे आणखी एक अंग आहे. ज्या घरात एकच पंखा आहे, त्या घराला संयमाचा उपदेश करणे पाप ठरेल. 'पुरे' म्हणण्याचे कर्तव्य ज्याला पुरून उरते त्याचे आहे. रानात इस्राएल लोकांनी मान्ना गोळा केला, तेव्हा ज्याने जास्त गोळा केला त्याला उरला नाही आणि ज्याने थोडा गोळा केला त्याला कमी पडला नाही. हावेने सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्नात मात्र किडे पडले.

'आमच्या चार माळांनी देशाला काय फरक पडणार?' कदाचित पडणार नाही. परंतु विधवेच्या दोन नाण्यांनीही मंदिराचा खजिना भरला नव्हता. प्रभूने नाणी मोजली नाहीत, तिचे मन पाहिले.

म्हणून या नाताळात आपण दोन गोष्टी करू या. चर्चच्या माळा पहिल्या वर्षी होत्या तेवढ्याच लावू आणि नाताळची मध्यरात्रीची मिस्सा सोडून इतर दिवशी रात्री दहाला बंद करू. बिलात जे वाचेल, त्यातून पुढच्या वर्षी आणखी माळा आणायच्या नाहीत. आपल्याच धर्मग्रामात ज्यांना विजेचे बिल भरणे जड जाते, अशा कुटुंबांना ते गुपचूप पोहोचवू. घरोघरीही असेच काही ठरवता येईल.

बेथलेहेमच्या गोठ्यात उजेड फार नसावा. तरीही मेंढपाळांना बाळ सापडले.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वादित करो.

आपले धर्मगुरू