ऐकले म्हणून ठेवलेले नाव

भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात कुणाला हाक मारायची तर नुसते तोंड उघडून भागत नाही. एका छपराखाली ओळीने लूम खडखडत असतात आणि त्या आवाजात शेजारी उभ्या माणसाचे बोलणेही विरून जाते. कामगार हाताने खुणा करतात, जवळ जाऊन खांद्याला हात लावतात, नाहीतर दोन ओळींमधल्या बोळकांडीत उभे राहून बेंबीच्या देठापासून ओरडतात, ‘इस्माईल!’ उभी हयात मागावर गेलेल्या माणसाचे कान मंदावलेले असतात. त्यामुळे पहिल्या हाकेला मान वळेलच असे नाही. आणि हाक ज्या नावाने मारली जाते, त्याचा अर्थ आहे, देव ऐकतो.

हे नाव अरबी म्हणून ओळखले जात असले तरी त्याचा जुना लेखी पत्ता हिब्रू धर्मग्रंथात आहे. तिथे ते ‘यिश्माएल’ असे येते, तर मराठी बायबलात ‘इश्माएल’. ‘शमा’ म्हणजे ऐकणे आणि ‘एल’ म्हणजे देव. आपल्याकडची बरीच नावे देवाची, फुलांची, नद्यांची असतात. हे नाव म्हणजे अख्खे वाक्य आहे, कर्ता-क्रियापदासह. मुलाला जेवायला बोलावले तरी वाक्य पूर्ण होते.

या वाक्याचा जन्म एका दासीच्या पळून जाण्यात आहे. अब्राहामाची बायको सारा निपुत्रिक, म्हणून तिने आपली मिसरी दासी हागार नवऱ्याला दिली. हागार गरोदर राहिली आणि घरात तिचा छळ सुरू झाला. ती रानात पळाली. एका झऱ्यापाशी देवदूताने तिला गाठले आणि होणाऱ्या मुलाचे नाव सांगितले, कारण तिचे दुःख देवाच्या कानी गेले होते. जन्माआधी देवदूताने नाव सांगितलेले बायबलातले हे पहिले मूल, आणि तेही मालकिणीचे नव्हे, दासीचे. हागारने त्याच जागी देवालाही एक नाव दिले. ते होते ‘एल-रोई’, म्हणजे मला पाहणारा देव. ज्या घरात तिचे ऐकणारे आणि तिच्याकडे पाहणारे कुणी नव्हते, त्या घरातून निघालेल्या बाईच्या पदरात ही दोन नावे पडली. धर्मग्रंथांतल्या नावांचे अर्थ कोशात शोधण्याआधी ती कुणाच्या तोंडून आली हे पाहावे, ते यासाठी.

हिब्रू ग्रंथात या नावाची माणसे सहा आहेत. अब्राहामाच्या मुलाखेरीज एक इश्माएल शौल राजाच्या वंशातला, आसेलाच्या सहा मुलांपैकी एक. एकाची ओळख यहोशाफाट राजाच्या काळातल्या जबद्याचा बाप एवढीच. एक शंभर शिपायांवरचा नायक. लहानग्या योवाशाला गादीवर बसवण्याच्या मसलतीत तो सामील होता. एक याजक, एज्राच्या पुस्तकात परदेशी बायको केलेल्यांच्या यादीत त्याचे नाव आले आहे. सहावा मात्र यादीत हरवून जाणारा नाही.

तो नथन्याचा मुलगा, राजघराण्यातला. बाबिलोनच्या फौजांनी इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुरुवातीस यरुशलेम जाळले आणि मागे राहिलेल्या गोरगरीब लोकांवर गदल्या नावाचा सुभेदार नेमला. हा इश्माएल दहा माणसे घेऊन मिस्पा गावी आला, गदल्याच्या पंगतीला जेवला आणि तिथेच त्याने यजमानाला कापून काढले. त्या खुनाने यहूदा देशातली उरलीसुरली वस्तीही विस्कटली. ज्यू लोक आजही नववर्षानंतर लगेच त्या दिवसाचा उपवास धरतात. नाव तेच, ‘देव ऐकतो’. ठेवणाऱ्याची आशा नावात असते, वागणाऱ्याची हमी नसते.

या उपवासाचे कोकणातले नाव ऐकण्यासारखे आहे. रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, म्हणजे गावकऱ्यांचे शनवार तेली, त्याला ‘नव्याचा रोजा’ म्हणत. ‘नवे’ मराठी, ‘रोजा’ फारसी, निमित्त हिब्रू. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या तेल्यांनी नववर्षाला ‘नव्याचा सण’ म्हटले आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला संदेष्टा एलियाच्या स्मरणाला ‘उरूस’. शेजाऱ्याचा शब्द घेताना त्यांना आपला धर्म पातळ झाल्यासारखे वाटले नाही. भाषाशुद्धीच्या चळवळींना हे कोकणी पंचांग कधी तरी दाखवायला हवे होते.

व्यक्तिनावांचेही तसेच झाले. अब्राहामाचा अबाजी झाला, इसहाकाचा इसाजी, यहेज्केलाचा हसाजी, शमुवेलाचा समाजी. पुढे बापाचे नाव आणि शेवटी गावावरून ‘कर’. दिवेकर, केहिमकर, रोहेकर, पेणकर ही आडनावे अशीच आली. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधणारा सॅम्युएल इझिकेल दिवेकर घरच्या बोलीत समाजी हसाजी होता. मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटचे नाव त्याच्यावरून पडले आणि मस्जिद स्टेशनच्या नावातली ‘मशीद’ म्हणजे हेच प्रार्थनास्थळ, असे मानले जाते. समाजी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत अधिकारी होता. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला तेव्हा त्याने आपण बेने इस्राएल असल्याचे सांगितले, टिपूच्या आईने ‘बनी इस्राईल’ हे नाव कुराणातले आहे असे सांगून त्याला जीवदान देवविले, अशी या समाजातली परंपरागत कथा. कथा म्हणूनच ती घ्यावी. पण एका समाजाला आपल्या वाचण्याचे कारण तलवारीत नव्हे तर शेजारच्या धर्माच्या पोथीतल्या नावात दिसले, ही गोष्ट साधी नाही.

शमुवेल या नावातही अनेकांना ‘ऐकणे’ दिसते. अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही, कारण त्याची आई हन्ना नावाचे कारण सांगताना ‘मागितला’ हे क्रियापद वापरते आणि ते शौलाच्या नावाला अधिक शोभते. तरी गोष्ट सारी ऐकण्याचीच आहे. मुलासाठी तळमळणाऱ्या हन्नाचे मुके ओठ पाहून पुजारी तिला प्यालेली समजतो, तिची प्रार्थना वर मात्र पोचते. पुढे तोच मुलगा रात्री हाक ऐकून तीनदा उठतो. शिमोन या नावाबद्दल तर शंकाच नाही. नवऱ्याला नावडती असलेल्या लेआने आपले गाऱ्हाणे ऐकले गेले म्हणून दुसऱ्या मुलाला ते ठेवले. भिवंडीहून वसईकडे वळले की हाच शिमोन पोर्तुगिजांच्या वाटेने आलेला सायमन होऊन ख्रिस्ती घरांत भेटतो. हागार, लेआ, हन्ना या तिघी एकाच धातूभोवती उभ्या आहेत आणि तिघींचेही घरात कुणी ऐकत नव्हते.

या धातूच्या शेवटी घशातून निघणारा एक वर्ण आहे. हिब्रूत त्याला ‘आयिन’ म्हणतात, अरबीत ‘ऐन’. मराठीत त्याला अक्षर नाही. आपण तो गिळून टाकतो आणि ‘इस्माईल’मध्ये स्वर तेवढा लांबवतो. ‘श’चा ‘स’ होण्याची वाटही ठरलेली, जसे शालोम आणि सलाम. हिब्रू हरवून बसलेले बेने इस्राएल शतकानुशतके जी एकच प्रार्थना धरून राहिले, ती ‘शमा’, म्हणजे ‘ऐक’. तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत या शब्दातला आयिन मुद्दाम मोठा काढतात. तेल गाळणाऱ्यांच्या ओठांवर टिकून राहिला तो हाच शब्द.

कुराणात इस्माईल पैगंबर आहेत, वचनाला जागणारे. पिता-पुत्र काबाचा पाया उभारताना प्रार्थना करतात, त्यात देवाला ‘समी’, ऐकणारा, म्हटले आहे; म्हातारपणी लाभलेल्या मुलांबद्दल इब्राहीम आभार मानतात तिथेही हाच धातू येतो. नावाचा अर्थ वेगळा सांगायची गरज तिथे पडत नाही. सुफी मंडळी कव्वालीच्या बैठकीला ‘समाअ’ म्हणतात, तोही याच मुळाचा. बकरी ईदला ज्या मुलाच्या बलिदानाची आठवण असते त्याचे नाव कुराणात येत नाही. मुस्लिम परंपरेने त्याला इस्माईल मानले, पण तबरीसारख्या थोर भाष्यकाराने साराला पुढे झालेल्या इसहाकाच्या बाजूने कौल दिला होता.

ज्यूंनीही हे नाव लगेच सोडले नव्हते. दुसऱ्या शतकातले रब्बी इश्माएल हे धर्मशास्त्राचे मोठे आचार्य. अर्थ लावण्याचे त्यांचे तेरा नियम ज्यू लोक सकाळच्या प्रार्थनेत म्हणतात. पुढे ‘इश्माएली’ म्हणजे अरब, मुसलमान असा अर्थ पक्का झाला आणि ज्यू घरांतून नाव जवळपास उठले. एका बाजूने ते आपलेसे केले, दुसऱ्या बाजूने परके ठरवले. नाव मात्र होते तेच राहिले.

भिवंडीला हे फार खोलवर माहीत आहे. १९७० आणि १९८४च्या दंगली पाहिलेल्या या शहरात नाव सांगणे म्हणजे मोहल्ला सांगणे झाले होते. इथले कोकणी मुसलमान किनाऱ्यावरच्या जुन्या व्यापारी वस्तीचे, मोमीन विणकर १८५७नंतर उत्तरेतून आलेले. बोली वेगळी, ताटातले वेगळे, पण इब्राहीम, मूसा, दाऊद, यूनुस, इस्माईल दोघांच्याही घरात. महाराष्ट्राच्या रिवाजाप्रमाणे शाळेच्या हजेरीत मुलाच्या नावापुढे बापाचे नाव येते आणि ‘इस्माईल इब्राहीम’ अशी नोंद झाली की उत्पत्तीच्या पुस्तकातले एक घर पटावर उमटते. बायबल सांगते, म्हातारा अब्राहाम वारला तेव्हा इसहाक आणि इश्माएल या दोघांनी मिळून त्याला मकपेलाच्या गुहेत पुरले. घराबाहेर घातलेला मुलगा मातीला आला होता.

भिवंडीपासून पंधराएक किलोमीटरवर, ठाण्यात टेंभी नाक्याजवळ, १८७९ सालचे ‘शाआर हशामाईम’ हे सिनेगॉग आहे. नव्याच्या सणाला, पहिल्या दिवशी, जगभरच्या सिनेगॉगमध्ये उत्पत्तीचा एकविसावा अध्याय वाचतात आणि त्याला जोडून हन्नाची गोष्ट. या अध्यायात हागारला भाकर आणि पाण्याची कातडी पिशवी देऊन घालवून दिले आहे. पाणी संपते. ती मुलाला झुडपाखाली ठेवते आणि बाणाच्या टप्प्याएवढी दूर जाऊन बसते, कारण त्याचे मरण तिला पाहवत नाही. रडते ती, पण ग्रंथ म्हणतो की देवाने मुलाचा आवाज ऐकला. संपूर्ण अध्यायात त्या मुलाचे नाव एकदाही येत नाही. तो दासीचा मुलगा आहे, पोर आहे, बाळ आहे. नाव गेले आहे आणि त्याच्या जागी ते क्रियापद तेवढे उभे आहे, ‘ऐकले’. मग हागारला विहीर दिसते. दोन दिवसांनी नव्याचा रोजा येतो, दुसऱ्या इश्माएलाने केलेल्या खुनाचा.