पाना कुणाकडे?

परवाच्या बैठकीत एका पोराने प्रश्न टाकला आणि आम्ही सगळे गपगार झालो. प्रश्न आफ्रिकेचा होता. मलावी, मोझांबिक, युगांडा इथल्या खेड्यांत श्रीमंत देशांतल्या धर्मादाय संस्था बोअर मारतात, हापसे बसवतात. शेजारी दात्याच्या नावाची पाटी. पोरंबाळं ओळीत उभी करून फोटो. पोरगा म्हणाला, "हे दान आहे. आपण चवदार तळ्यावर दान मागायला गेलो नव्हतो. मग याला चांगलं म्हणायचं का वाईट?"

गप झालो, कारण दोन्ही उत्तरं जिभेवर होती.

दानाचं पाणी कसं असतं ते शिकायला आपल्याला आफ्रिकेत जायची गरज नाही. माझी आजी गावविहिरीपासून दहा हात लांब घागर ठेवून बसायची. विहिरीला हात लावायचा नाही. कुणी बाई येईल, तिला दया येईल, मग ती वरून ओतेल. "वाढा की वो माय पाणी." कधी दोन कळश्या मिळत, कधी ऊन डोक्यावर येई. ओतणारी बाई वाईट नव्हती बरं का. कनवाळू होती. पण आजीनं रहाटाला हात लावला असता तर तिची दया तिथंच आटली असती. तिच्या दयेला तहानलेली बाई लागत होती, तीही दहा हात लांब बसलेली.

आणि त्या विहिरी खणल्या कुणी? सुरुंगाची भोकं पाडणारे, दगड वाहणारे आपलेच बापजादे. बांधून झाली की विहीर बाटायला लागायची. आफ्रिकेचंही हेच बघा. काँगोचं रबर बेल्जियमच्या राजाने माणसांचे हात तोडून नेलं. लुटीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या शहरांतून आज कुणी घागरभर पाणी पाठवलं तर त्याला दान म्हणायचं, का हप्त्याने फेडलेलं देणं? मी तरी देणंच म्हणतो.

१९२७ च्या २० मार्चला बाबासाहेबांनी महाडात ओंजळभर पाणी घेतलं, ते घसा कोरडा पडला म्हणून नव्हे. कागदावर पाणी आधीच मिळालं होतं. १९२३ चा बोले ठराव होता, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केलं होतं. हात लावायची हिंमत तेवढी बाकी होती. हात लावला तर डोकी फुटली, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. संयुक्त राष्ट्रांनी तर २०१० मध्ये ठराव करून स्वच्छ पाणी हा माणसाचा हक्क ठरवला. कागद चांगला आहे. पण कागदाला पाणी सुटत नाही हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

पण थांबा. दुसरं उत्तरही खरंच आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या वस्तीत हापसा आला. परदेशी मदतीचा त्यात वाटा होता म्हणे. म्हणजे दानच की. पहिल्या दिवशी आजी हापसत राहिली, घागर भरून वाहायला लागली तरी थांबेना. बाया ओरडल्या, म्हातारे, बास! तिला पाणी नको होतं. दांडा हातात पाहिजे होता. त्या दिवशी मी तिला म्हणायला हवं होतं का, की आज्जे, हे भांडवलदारांचं दान आहे, हात लावू नकोस? गढूळ डबक्याचं पाणी पिऊन जिचं लेकरू हगवणीने जातं, त्या मलावीच्या बाईला चहाचे कप हातात घेऊन आपण काय सांगणार, क्रांती होईस्तोवर कळ काढ?

म्हणून दान का हक्क हा प्रश्न मला अर्धाच वाटतो. उरलेला अर्धा लोखंडाचा आहे.

आपल्या सोलापूरच्या मिशनवाल्यांनी मोडक्या हापशांवर खटपट करून एक दणकट पंप काढला. त्याच्यावरूनच सत्तरच्या दशकात युनिसेफच्या साथीने 'इंडिया मार्क २' घडला आणि आफ्रिकेतल्या कित्येक देशांत गेला. पंप चिवट. पण बिघडला की अख्खा पाइप उपसून काढायचा, त्याला घोडा पाहिजे, मेस्त्री पाहिजे, गाडी पाहिजे. मग ऐंशीच्या दशकात केनिया-मलावीत 'आफ्रिदेव' नावाचा हापसा घडवला गेला. विचार साधा: एका पान्याने उघडावा, आणि गावच्या बायांनीच वायसर बदलावा. पाणी तेच, दांडा तसाच. फरक एवढाच की बिघडल्यावर तोंड कुणाकडे बघायचं.

उलटा नमुनाही आहे. 'प्लेपंप' नावाचं चक्र. पोरांनी गोल फिरत खेळायचं, पाणी आपोआप टाकीत चढायचं. २००६ मध्ये अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, ४००० पंपांचं स्वप्न होतं. दात्यांना फार आवडलं, फोटो छान येतो. २००९ मध्ये एका ब्रिटिश वर्तमानपत्राने हिशेब मांडला: ठरलेल्या माणसांना पाणी पुरवायचं तर पोरांनी दिवसाचे २७ तास खेळलं पाहिजे! पोरं कंटाळली. मोझांबिकमध्ये बायाच ते चाक वाकून ढकलू लागल्या. काही ठिकाणी चांगला हापसा उपटून हे बसवलं होतं. तुम्हांला काय पाहिजे, असं त्या बायांना आधी विचारायला किती डॉलर लागले असते?

आणि त्याच मलावीत १९६८-६९ च्या सुमाराला चांबे इथे डोंगरातलं पाणी नळाने खाली आणलं, तेव्हा चर गावकऱ्यांनी स्वतः खणले. पाइप बाहेरून आले, पण कुठून न्यायचं त्यात गावाचा शब्द होता.

पोराने विचारलं, मग पाटीचं काय? मी म्हटलं, पाटी लावू दे की, गंजून जाईल. पाना कुणाकडे राहतो ते विचार. हापसा कुठल्या आळीत बसला ते विचार. पैशाचा हिशेब मागितला तर गाव कृतघ्न ठरतं का, तेही विचार.

आमचा हापसा दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडला. पाना तालुक्याला होता. मेस्त्री यायला दोन महिने लागले. ते दोन महिने आजी पुन्हा घागर घेऊन गावविहिरीपाशी गेली, आणि दहा हात लांब बसली.